मनाशीं बोलण्याची रीत

सहामाही परीक्षेचें वेळापत्रक फळ्यावर लागलें म्हणजे शाळेच्या व्हरांड्यांतून एक निराळीच भाषा ऐकूं येऊं लागते. "मेलों आतां!" "माझें यंदा कांहीं खरें नाहीं." "गणितांत मी गटांगळी खाणारच!" असलीं वाक्यें हंसत हंसत टाकलीं जातात आणि ऐकणाराही तीं हंसण्यावारी नेतो. परंतु रात्रीं घरांतील दिवे मालवल्यावर अंथरुणावर पडून तोच मुलगा जेव्हां तींच वाक्यें मनांतल्या मनांत पुन्हां उच्चारतो, तेव्हां त्यांतील हंसूं निघून गेलेलें असतें व केवळ शब्द उरलेले असतात. त्या उरलेल्या शब्दांविषयीं आज आम्ही विद्यार्थ्यांपाशीं, व त्यांच्या पालकांपाशींही, थोडें बोलूं इच्छितों.

या व्याधीवर जो उपाय हल्लीं जिकडे तिकडे सांगितला जातो तो म्हणजे "सकारात्मक विचार करा" हा होय. आरशासमोर उभें राहावें, "मी पहिला येणार" असें दहा वेळां म्हणावें, कीं झालें काम! आम्हांस हा उपाय मुळींच मान्य नाहीं. पन्नास मुलांच्या वर्गांत पहिला एकच येतो, ही गोष्ट आरशासमोर उभ्या असलेल्या मुलाला पुरती ठाऊक असते. मन कांहीं इतकें भोळें नाहीं. खोट्या धीरानें तें फसत तर नाहींच, पण आपणांस फसविण्याचा यत्न झाला हें ओळखून अधिकच धास्तावतें. आमचें म्हणणें असें कीं, मनांत उठलेलें भयाचें वाक्य दुसऱ्या गोड वाक्याखालीं झांकूं नये. तें उजेडांत आणून तपासावें. त्यांत खरें किती आणि भीतीनें फुगविलेलें किती हें निवडावें, आणि जेवढें खरें उरेल तेवढ्याचेंच नवें वाक्य करावें. हें नवें वाक्य आनंददायक असेलच असें नाहीं. परंतु तें लहान असतें, आणि लहान वाक्याला हात घालतां येतो.

गतवर्षींची गोष्ट सांगतों. सहामाहीच्या बीजगणिताच्या दिवशीं नववींतील एक मुलगा शेवटची घंटा होण्यास अर्धा तास असतांनाच उत्तरपत्रिका देऊन बाहेर आला आणि पाण्याच्या टाकीपाशीं जाऊन बसला. आम्हीं जवळ जाऊन विचारलें, तेव्हां त्यानें एवढेंच सांगितलें, "सर, मला गणित येतच नाहीं." आम्हीं त्यास उपदेश केला नाहीं. (करण्याची इच्छा अनावर झाली होती, हें कबूल केलें पाहिजे.) त्याच्याच कंपासपेटींतील पेन्सिल काढून तें वाक्य त्यास एका कोऱ्या कागदावर लिहावयास लावलें, व त्याखालीं दोन रकाने आंखविले. हें वाक्य खरें असल्याचा पुरावा एकांत लिहावयाचा. खोटें असल्याचा दुसऱ्यांत.

पहिला रकाना त्यानें भराभर भरला. घटक चाचणींत २० पैकीं ६ गुण. आजच्या पेपरांत बहुपदींचीं दोन उदाहरणें सोडून दिलीं. शेजारच्या बाकावरचा मुलगा पुरवणी मागत होता. दुसऱ्या रकान्यापाशीं मात्र पेन्सिल थबकली. मग आम्हीं प्रश्नपत्रिका हातीं घेऊन एकेक प्रश्न विचारूं लागलों. संचांचे प्रश्न? "ते आले." वास्तव संख्या? "एक चुकलें असेल." गुणोत्तर व प्रमाण? "तें वाचलेंच नाहीं, त्याआधींच उठलों." बहुपदी? येथें तो बराच वेळ गप्प राहिला, आणि नंतर म्हणाला, "भागाकार करतांना वजाबाकीच्या वेळीं माझीं चिन्हें चुकतात. मग पुढलें सगळेंच चुकत जातें."

वाचकांनीं हीं दोन वाक्यें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. "मला गणित येतच नाहीं" आणि "भागाकारांत माझीं चिन्हें चुकतात." दुसऱ्या वाक्यांत कसलीही शाबासकी नाहीं, तेंही एका उणिवेचेंच वर्णन आहे. परंतु पहिलें वाक्य ऐकल्यावर करण्याजोगें कांहींच उरत नाहीं. टाकीपाशीं जाऊन बसणें हेंच काय तें उरतें. दुसऱ्यांत उद्यां सकाळीं अर्धा तास करावयाचें काम आहे. पुरवणी मागणाऱ्या शेजाऱ्याची ओळ तर त्या मुलानें आपण होऊनच खोडली. कारण दुसऱ्यास पुष्कळ येतें हा आपणांस कांहीं येत नसल्याचा पुरावा नव्हे, हें कागदावर उतरलेलें पाहतांच त्यास उमगलें. मनांत असेपर्यंत तोच साक्षीदार मोठा विश्वासू वाटत होता!

ही युक्ति आमची नव्हे. तिचें वय सुमारें दोन हजार वर्षांचें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आशियामायनरांत जन्मलेला एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ प्रथम रोमन साम्राज्यांत एक गुलाम होता, व तो लंगडाही होता. त्यानें स्वतः एक ओळ लिहिली नाहीं. त्याचा शिष्य एरियन यानें गुरूचें बोलणें टिपून ठेवलें. माणसाला जो त्रास होतो तो घडलेल्या गोष्टीपेक्षां त्या गोष्टीविषयीं त्यानें करून घेतलेल्या समजुतीमुळें होतो, हा त्या बोलण्याचा गाभा आहे. गादीवर लोळणाऱ्या धनिकानें हें सांगितलें असतें तर आम्हीं तें ऐकलेंही नसतें. तें एका गुलामाच्या तोंडून आलें म्हणून त्यास वजन आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील दोघां उपचारकांनीं हीच वाट शास्त्रीय रीतीनें चोखाळली. पैकीं आल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास आपल्या उपचारपद्धतीस आरंभ केला आणि एपिक्टेटसाचें ऋण मोकळेपणानें मान्य केलें. हे गृहस्थ तरुणपणीं सभेंत बोलावयास फार भीत असत, हें वक्तृत्वस्पर्धेंत नांव देऊन ऐन वेळीं आजारी पडणाऱ्या आमच्या मित्रांनीं ध्यानांत घ्यावें. एलिस यांच्या या पद्धतीला मराठींत विवेकनिष्ठ मानसोपचार असें सुंदर नांव मिळालें आहे.

दुसरे एरन बेक हे होत. ते १९२१ सालीं जन्मले व शंभरी पुरी करून २०२१ सालीं वारले. फिलाडेल्फिया येथें उदासीनतेनें ग्रासलेल्या रुग्णांवर उपचार करीत असतां त्यांच्या लक्षांत आलें कीं, रुग्ण जें मोठ्यानें बोलतो त्याच्या मागें अति वेगानें दुसरेच विचार धांवत असतात: "मी कंटाळवाणा आहें", "हे माझ्यावर रागावले असतील". हे विचार न बोलावतां येतात, क्षणांत जातात, आणि रुग्ण त्यांची कधीं तपासणी करीत नाहीं. बेक रुग्णास विचारूं लागले: याला पुरावा काय? याचा दुसरा कांहीं अर्थ संभवतो काय? आमचे दोन रकाने ते त्यांच्याचकडून उसने घेतलेले आहेत.

तथापि स्वतःच्या मनास समोर बसवून त्याच्याशीं बोलणें ही गोष्ट मराठी माणसाला फिलाडेल्फियाहून शिकावी लागत नाहीं. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, व ते कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून म्हणवून घेतले जातात. त्यांतील उपदेशाविषयीं आम्ही येथें बोलत नाहीं; आम्हांस कौतुक वाटतें तें त्यांतील संबोधनाचें. समर्थ "मी" म्हणून कण्हत नाहींत. ते मनाला हांक मारतात, आणि तीही सज्जन म्हणून, म्हणजे आदरानें. २०१४ सालीं ईथन क्रॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मिशिगन विद्यापीठांत जे प्रयोग प्रसिद्ध केले ते या दृष्टीनें वाचण्यासारखे आहेत. फारशी तयारी करूं न देतां कांहीं लोकांस भाषणास उभें करण्यांत आलें. ज्यांनीं आधीं "मला भीति कां वाटते?" असा विचार केला त्यांच्यापेक्षां, ज्यांनीं स्वतःच्या नांवानें हांक मारून "तुला भीति कां वाटते?" असें विचारलें, त्यांचीं भाषणें अधिक चांगलीं झालीं व मागाहून त्यांना खंतही कमी वाटली. आपण आपल्या मित्रास धीर देतांना सहसा शहाणपणानें बोलतों. तेंच शहाणपण स्वतःपाशीं कां आटतें, याचा उलगडा यांत कांहीं अंशीं होतो.

आतां छातींतील धडधडीविषयीं. प्रश्नपत्रिका हातीं येण्यापूर्वीं तळहात ओले होतात, छाती उडूं लागते, आणि मुलगा मनाशीं म्हणतो, "संपलें! मी घाबरलों, आतां कांहीं आठवणार नाहीं." वस्तुतः कबड्डीच्या चढाईला निघतांना हेंच हृदय असेंच उडतें, व त्या वेळीं तोच मुलगा त्याला "जोश" म्हणतो. शरीर रक्तांत एड्रिनलिन सोडतें, हृदय स्नायूंस व मेंदूस अधिक रक्त पुरवूं लागतें. ही कामाची तयारी आहे. अमेरिकेंत २०१० सालीं जेरेमी जेमिसन प्रभृतींनीं पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं निम्म्यांना सरावपरीक्षेपूर्वीं एवढेंच सांगितलें कीं ही धडधड अपायकारक नसून साहाय्यक होऊं शकते. त्या मुलांनीं गणिताच्या भागांत इतरांहून अधिक गुण मिळविले. येथें कोणालाही "शांत हो" असें सांगितलें नव्हतें, हें विशेष आहे. उडणाऱ्या हृदयाला शांत हो म्हणणें म्हणजे उतारावरच्या बैलगाडीला थांब म्हणण्यासारखें आहे. तिला वाट दाखविणें अधिक सोपें.

शिकागोच्या दोघां संशोधकांनीं २०११ सालीं असेंही दाखविलें कीं, परीक्षेस फार भिणाऱ्या मुलांनीं पेपरापूर्वीं दहा मिनिटें आपली सारी काळजी कागदावर लिहून काढली तर त्यांचे गुण वाढतात. त्यांत नववीच्याच वर्गांतील मुलें होतीं. कागद स्वस्त आहे, करून पाहावें.

पालकांविषयीं लिहितांना लेखणी किंचित्‌ अडखळते, कारण आम्हीही पालक आहों. तरी लिहिलें पाहिजे. मुलाच्या मनांतील भयाचीं वाक्यें बहुधा त्याचीं स्वतःचीं नसतात. तीं घरांतून उसनीं आणलेलीं असतात. "तुझें कांहीं खरें नाहीं" हें वाक्य आपल्या घराघरांत किती सहज बोललें जातें! बोलणारी आई तें दुसऱ्या क्षणीं विसरून भाकरी थापूं लागते. ऐकणारा तें दप्तरांत घालून शाळेंत आणतो. "दहावींत घसरलास तर आयुष्याचें मातेरें होईल" हेंही तसेंच. हें वाक्य कठोर आहे ही आमची तक्रार नाहीं. तें खोटें आहे, ही आहे. दहावींत अनुत्तीर्ण झालेल्या मुलास निकालानंतर थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षेस बसतां येईल अशी सोय महाराष्ट्रांत २०१५ पासून आहे. ज्याची शाळा सुटली त्यास १७ नंबरचा अर्ज भरून खासगी रीतीनें परीक्षेस बसतां येतें. हे मार्ग खडतर आहेत, त्यांत श्रम व मनस्ताप आहे. परंतु ते आहेत, आणि जेथें मार्ग आहे तेथें "सर्व संपलें" असें मुलास सांगणें म्हणजे त्याच्यापुढें खोटी साक्ष देणें होय.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीं तर आम्हीच खोट्या साक्षीचे दोषी ठरूं. ज्या मुलास घरीं मार बसतो, जो उपाशी शाळेंत येतो, ज्याला कोणी एखादा रोज छळतो, त्यास "तूं आपला विचार बदल" असें सांगणें हा क्रूरपणा आहे. त्याचा विचार बरोबरच आहे. बदलावयाची आहे ती परिस्थिति, आणि तें काम मोठ्या माणसांचें आहे. त्याचप्रमाणें ज्याची झोंप कित्येक आठवडे उडाली आहे, अन्नावरची वासना गेली आहे, जगणें नकोसें झाल्याचें जो बोलतो, त्याच्या हातीं दोन रकान्यांचा कागद देऊन आपण मोकळें होऊं नये. ताप आला तर आपण वैद्याकडे नेतों, तसें येथेंही न्यावें. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य व मराठींतून बोलतां येतें. हा क्रमांक मुलांनीं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आपल्याला नसला तरी शेजारच्या बाकावरच्याला लागेल.

टाकीपाशीं बसलेल्या त्या मुलाचें पुढें काय झालें असें कोणी विचारील. वार्षिक परीक्षेंत त्यास बीजगणितांत ४० पैकीं १७ गुण मिळाले. म्हणजे त्यानें कांहीं पराक्रम गाजविला असें नाहीं. मात्र या वेळीं तो शेवटच्या घंटेपर्यंत जागेवरून हालला नाहीं. त्याची उत्तरपत्रिका आम्हांस पाहावयास मिळाली. बहुपदीच्या भागाकाराचें उदाहरण त्यानें दोनदां केलें होतें. पहिल्यांत चिन्ह चुकलें होतें व तें सबंध खोडलेलें होतें. त्याच्या खालीं पुन्हां, जरा मोठ्या अक्षरांत केलेलें दुसरें बरोबर होतें.