शेडमधलं लाल नळकांडं

गेल्या आठवड्यात कूलरच्या वायरिंगवर लिहिलं, तेव्हाच हा विषय डोक्यात होता. अमरावती-अकोल्यात घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये काय चालत नाही? पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग, कूलरच्या बॉड्या, वेल्डिंग, थोडीफार सुतारकी. आणि त्याच शेडच्या कोपऱ्यात भाव वाढेल या आशेवर ठेवलेला कापूस. मे महिन्यात पारा ४५च्या घरात, वेल्डिंगची ठिणगी उडतेय अन् शेजारी थिनरचा डबा उघडा!

अशा शेडसाठी कारमधलं १ किलोचं आग विझवायचं नळकांडं आणणं म्हणजे दात कोरून पोट भरणं. आठ-दहा सेकंदांत ते रिकामं होतं. घ्यायचं तर ६ किलोचं, एबीसी पावडरचं; त्यावर आयएसआयची खूण आणि ‘आयएस १५६८३’ हा क्रमांक पाहूनच. लाकूड, थिनर, गॅस, विजेची उपकरणं, सगळ्यांवर ते चालतं. वाइंडिंगवाल्यांनी मात्र सीओटूचं एक छोटं नळकांडंही ठेवावं. पावडर यंत्रात शिरली आणि ओल धरली की तांबं खाते. सीओटू मागे काही ठेवत नाही.

आता कापसाचं. पावडर ज्वाळा मारते, ढीग थंड करत नाही. कापूस आणि लाकडाचा भुसा आतल्या आत धुमसत राहतात. ज्वाळा गेली म्हणून जेवायला बसलात, तर तासाभरात पुन्हा पेट घेतलाच म्हणून समजा. ढीग उकलून पाण्याने चिंब करावा लागतो. म्हणून पाण्याचा ड्रम हवाच. फक्त थिनरवर आणि चालू विजेवर ते पाणी टाकायचं नाही.

महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने मोठ्या इमारतींना दर जानेवारी-जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. आपल्या शेडकडे कोण फिरकणार? रिफिलिंगवाला स्टिकर चिकटवून जातो आणि आपण निर्धास्त. माझा त्या स्टिकरवर काडीचा विश्वास नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलंय का, हे महिन्यातून एकदा स्वतः बघा. काटा दाब सांगतो, आत पावडर किती ते सांगत नाही. त्यासाठी वजन करा आणि नळकांड्यावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. सीओटूला तर काटाच नसतो, तिथे वजन हाच पुरावा. ‘चालतं का बघू’ म्हणून एकदा जरी दाबलं, तरी पुन्हा भरून घ्या. झडपेत पावडर अडकते आणि दाब हळूहळू गळून जातो.

टांगायचं ते दाराजवळ, वेल्डिंग मशीनच्या मागे नाही. उन्हाच्या तिरिपीतही नाही. आग आटोक्याबाहेर दिसली तर नळकांडं टाकून बाहेर पडा आणि १०१ लावा.