विश्लेषण : सर्दी-तापाला अँटिबायोटिक लिहिण्याची डॉक्टरांची सवय कशी सुटेल?

आगर, डहाणू किंवा तलासरीच्या पाड्यावरचा रुग्ण रिक्षाभाडे भरून, दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात येतो. त्याला लगेच बरे व्हायचे असते. मग साध्या व्हायरल तापालाही अँटिबायोटिक लिहिले जाते. ते विषाणूंवर चालत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असते. मग अडते कुठे?

प्रश्न किती मोठा?

राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये देशातील २० मोठ्या रुग्णालयांत पाहणी केली. दाखल रुग्णांपैकी ७१.९ टक्के जणांना अँटिबायोटिक दिले जात होते. त्यातले निम्म्याहून अधिक संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून होते. अतिवापराने जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात. अशा जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले.

नियम नाहीत का?

आहेत. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीतील औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. २०१६ मध्ये पाकिटावरील लाल रेघेची मोहीम झाली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने डॉक्टरांना चिठ्ठीवर अँटिबायोटिकचे कारण लिहिण्यास सांगितले. पण गोळी दिली नाही तर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात किंवा थेट वापी-सिल्वासाला जाईल, ही भीती नियमाने जात नाही.

सोशल मार्केटिंग म्हणजे काय?

औषध कंपनीचा एमआर डॉक्टरांना पुन:पुन्हा भेटतो, एकच छोटा संदेश देतो आणि सवय लावतो. हेच तंत्र लोकांच्या आरोग्यासाठी वापरायचे. इथे ग्राहक डॉक्टर आणि ‘माल’ म्हणजे योग्य चिठ्ठी.

उपयोग होतो का?

इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या दवाखान्यांना सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचे पत्र गेले : तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. दंड नाही, धमकी नाही. तरीही सहा महिन्यांत प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटले. लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरांनी ‘गरज नसताना अँटिबायोटिक देणार नाही’ असे सही-फोटोसह पोस्टर तपासणी खोलीत लावले. पोस्टर नसलेल्या डॉक्टरांच्या तुलनेत तिथे अनावश्यक वापर सुमारे २० टक्के बिंदूंनी कमी राहिला. पोस्टरमुळे ‘नाही’ म्हणणे सोपे झाले.

डहाणू-तलासरीत काय करता येईल?

पोस्टर मराठी, वारली आणि गुजरातीत हवे, आणि ते सगळ्या दवाखान्यांत एकाच वेळी लागायला हवे. नाहीतर गोळी नाकारणाऱ्या एकट्या डॉक्टरचाच धंदा बुडेल. सरकारी दवाखान्यांच्या नोंदी हाताशी असल्याने तुलनेची पत्रे तिथून सुरू करता येतील.

मात्र ‘तीन दिवसांनी पुन्हा या’ म्हणजे रुग्णाची आणखी एक मजुरी. म्हणून फोनवर किंवा आशा सेविकेमार्फत विचारपूस हवी. न्यूमोनियाच्या बाळाला अँटिबायोटिक वेळेवर मिळालेच पाहिजे. ते तेव्हा लागू पडावे, यासाठीच आज सर्दीला ते टाळायचे आहे.