अर्ध्या गुंठ्याचा हिशेब

या महिन्याच्या टपालात एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली. प्रात्यक्षिकासाठी शेतकरी सुचवला की तालुक्यातून पहिला प्रश्न येतो, 'फार्मर आयडी आहे का?' १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो सक्तीचा आहे, आणि प्रात्यक्षिकाचे बियाणे योजनेतूनच येते. आयडी निघतो सातबाऱ्यावरून. मग आरेतल्या केल्टीपाड्याच्या किंवा खांबाच्या पाड्याच्या बाईने काय करावे? भाताचे खाचर तिचे, शिराळी-काकडीचा मांडव तिचा, पावसाळ्यात टोपली घेऊन रस्त्यावर भाजी विकणारीही तीच. कागदावर मात्र जमीन सरकारची. म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्यात आजही खरोखर शेती करणाऱ्यांपैकी बरेच जण यादीतच नाहीत!

मग चाचणी लागते ती सातबारा असलेल्या, जीप थेट बांधापर्यंत जाईल अशा शेतावर. तिथल्या आकड्यावरून शिफारस छापली जाते 'अल्पभूधारकांसाठी'.

आकडा तरी कसला? पीककापणीची आपली नेहमीची १० बाय ५ मीटरची दोरी म्हणजे जेमतेम अर्धा गुंठा. तिथले वजन २०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन. एका किलोची चूक दोन क्विंटलची होते. कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची रोपे आत ओढली जातात आणि उतारा फुगतो, हे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ मध्येच दाखवले. त्यांचा वाद महालनोबीसांसारख्या दिग्गजाशी होता, तरी ते हटले नाहीत. आपण मात्र तक्त्यातल्या 'पीक' या एका रकान्यापुढे मान तुकवतो. चार गुंठ्यांच्या खाचरात भाताबरोबर बांधावरची तूर येते, पेंढा गाईला जातो, मांडवावरून रोजचे सुटे पैसे मिळतात. आखूड काडीचा वाण दाण्यात जिंकतो, पण पेंढा कमी पडला की तीच बाई पुढच्या वर्षी जुने बियाणे पेरते. मग अहवालात आपण लिहितो, 'शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव.'

खात्याला दोष देताना स्वतःकडेही पाहू. ओळखीच्याचे शेत निवडणारे, ओलावा न मोजता वजन टिपणारे, मागच्या वर्षीचा आकडा थोडा हलवून भरणारे आपल्यातच आहेत. त्यांनी हे मासिक घेणे बंद केले तरी चालेल.

बाकीच्यांना विनंती. या खरिपात प्रत्येकाने सातबारा नसलेले एक शेत घ्यावे. बियाणे शेतकऱ्याचे, वही आपली. दाणा, पेंढा, बांधावरचे पीक, मांडवाची भाजी यांची वेगवेगळी वजने घ्या, घरात खाल्ले किती आणि विकले किती तेही लिहा. मजुरीचे दिवस विसरू नका. दिवाळीनंतर वह्या आमच्याकडे पाठवा, जशाच्या तशा छापू. आयडीचे निघेल तेव्हा निघेल. भात कापणीला थांबत नाही.