पपईचा नर-मादीचा हिशेब



पपई लावणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक धाकधूक असते. रोपे जोमाने वाढतात, खत-पाणी वेळेवर होते, चार-पाच महिने वाट पाहायची आणि फुले आली की कळते, बरीच झाडे नर निघाली! नर झाडाला लांब देठांवर बारीक फुलांचे घोस लोंबतात, पण फळाचा पत्ता नाही. खत खाल्ले, पाणी प्यायले, जागा अडवली. मग कोणी खोडात खिळा ठोकायला सांगतो. बियांच्या रंगावरून किंवा रोपाच्या मुळ्यांवरून नर-मादी ओळखून देतो, असे सांगणारेही भेटतात. यात खरे किती आणि खोटे किती, ते आज मुळापासून समजून घेऊ.

पपईत तीन प्रकारची झाडे असतात. नर झाड वर सांगितलेच. मादी झाडाची फुले मोठी, खोडालगत येणारी. फळ गोलसर आणि आतली पोकळी मोठी. तिसरे उभयलिंगी झाड. त्याच्या एकाच फुलात नर व मादी दोन्ही भाग असतात. फळ लांबट, गर जाड, पोकळी लहान. बाजारात मागणी याच फळाला. वॉशिंग्टनसारख्या वाणात नर आणि मादी झाडे येतात. पुसा डेलिशियस, कूर्ग हनी ड्यू अशा वाणांत मादी आणि उभयलिंगी येतात, नर येत नाहीत.

हे कशाने ठरते? पपईच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या ९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आणि एक बापाकडून आलेले. यांपैकी एका जोडीवर लिंग ठरते. मादी झाडात या जोडीची दोन्ही गुणसूत्रे 'एक्स' असतात. नर झाडात एक 'एक्स' आणि एक 'वाय'. उभयलिंगी झाडात एक 'एक्स' आणि एक थोड्या वेगळ्या जातीचा 'वाय'. या वारशाचा हिशेब हवाई बेटांवर स्टोरी यांनी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर यांनी, एकमेकांपासून दूर राहून, १९३८ साली मांडला. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्या बीजात दोन्हीकडून 'वाय' येतो, ते बीज जगतच नाही. फळातच मरते.

असे का व्हावे? याचे उत्तर मिळायला पुढची सत्तर वर्षे लागली. ते समजण्यासाठी एक दाखला घेऊ.

गुणसूत्र म्हणजे एक लांबलचक पोथी समजा. डीएनएच्या चार अक्षरांत ती लिहिलेली आहे. प्रत्येक पोथीच्या दोन प्रती, एक आईची, एक बापाची. परागकण किंवा बीजांड तयार होण्याआधी या दोन प्रती शेजारी-शेजारी ठेवल्या जातात आणि त्यांची पाने आपसात बदलली जातात. त्यामुळे काही बीजांच्या वाट्याला चांगली पाने येतात, काहींच्या वाट्याला चुकांची. चुकांची बीजे मागे पडतात, चांगली पुढे जातात. अशी पिढ्यान्‌पिढ्या सफाई होत राहते.

आता समजा, एका प्रतीतली काही पाने सुटली आणि उलट्या बाजूने शिवली गेली. मग तेवढा भाग दुसऱ्या प्रतीशी जुळणार कसा? पाने बदलणे बंद, सफाईही बंद. पपईच्या 'वाय'वर नेमके हेच घडले. गुणसूत्राचा एक पट्टा उलटा झाला, पुढे आणखी एक झाला. पहिली उलथापालथ सुमारे ७० लाख वर्षांपूर्वीची असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

सफाई थांबली की केरकचरा साठतो. इथला कचरा कोणता? डीएनएमध्ये असे काही तुकडे असतात, की ते स्वतःची नक्कल करून ती दुसरीकडे घुसवतात. रंगीबेरंगी ठिपक्यांच्या मक्याच्या दाण्यांचा अभ्यास करताना अमेरिकेतील बार्बरा मॅक्लिन्टॉक या बाईंनी जागा बदलणाऱ्या जनुकांचा शोध लावला. त्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा तुकड्यांमुळे पोथीत तीच ती ओळ शेकडो वेळा उमटते. देवाणघेवाण चालू असते तिथे त्यांना काहीसा आळा बसतो. 'वाय'च्या उलट्या पट्ट्यात आळा घालणारे कोणी नाही. शेताचा एक कोपरा कुळव-कोळप्यावाचून पडीक राहिला की तिथे हराळी माजते, तसेच हे.

२००८ साली पपईची सबंध पोथी वाचली गेली आणि २०१२ साली हा पट्टा बारकाईने वाचून झाला. 'एक्स'वरचा पट्टा सुमारे ३५ लाख अक्षरांचा, तर उभयलिंगी 'वाय'वरचा तोच पट्टा सुमारे ८१ लाख अक्षरांचा, म्हणजे दुपटीहून मोठा! पण त्यात नवे ज्ञान फारसे नाही. सुमारे ८० टक्के मजकूर पुन्हा पुन्हा येणाराच. या गोंधळात झाडाला जगायला लागणारी काही जनुके निकामी झाली असावीत. सोबत 'एक्स' असेल तर त्याच्यावर भागते. दोन्ही 'वाय' आले तर भागवणार कोण? म्हणून ते बीज मरते.

आपल्या परसातल्या तोंडलीतही हाच प्रकार आहे. तिच्यात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. नर वेलातला 'वाय' तर इतका फुगलेला आहे, की सूक्ष्मदर्शकाखाली तो बाकीच्या गुणसूत्रांत सहज उठून दिसतो. आपण तोंडली मादी वेलाच्या फाट्यापासून लावतो, म्हणून हा प्रश्न आपल्याला जाणवत नाही. पपई मात्र बियांपासून लावावी लागते.

आता याचा पैशाशी संबंध पाहा.

उभयलिंगी झाडाचे बी त्याच झाडाच्या परागाने धरले, तर चार बीजांपैकी एक मादी, दोन उभयलिंगी आणि एक मरणारे. उगवलेल्या रोपांत दोन उभयलिंगी व एक मादी हे प्रमाण पडते. यापेक्षा चांगले प्रमाण साध्या बियांतून मिळत नाही. तेव्हा 'शंभर टक्के उभयलिंगी बी' असे कोणी सांगू लागला, तर पाकीट परत करा. ऊतिसंवर्धनाने किंवा कलमाने केलेल्या रोपांची गोष्ट वेगळी.

सात बाय सात फुटांवर एकरी सुमारे ९०० खड्डे बसतात. असे बी वापरून खड्ड्यात एकच रोप लावले, तर सुमारे ३०० खड्ड्यांत उभयलिंगी झाड मिळणार नाही. दोन लावली तर अशा खड्ड्यांची संख्या सुमारे १०० होते, तीन लावली तर ३३. म्हणून खड्ड्यात दोन-तीन रोपे लावा आणि फुले दिसताच हवे ते एक ठेवून बाकीची काढा. जास्तीच्या रोपांचा खर्च एका हंगामात भरून निघतो.

बाजारातल्या फळाचे बी धरण्याचा मोह टाळा. त्या फळाची आई दिसते, बाप दिसत नाही. मादी फळाला नर झाडाचा पराग मिळालेला असेल, तर निम्मी झाडे नर निघतील. लांबट फळाला नराचा पराग लागला असेल, तर मादी, नर आणि उभयलिंगी प्रत्येकी एक तृतीयांश. घरचे बी धरायचेच असेल, तर सरळ वाणाच्या निरोगी उभयलिंगी झाडाची कळी उमलण्याआधी तिच्यावर कागदी पिशवी बांधा. संकरित वाणाचे बी मात्र धरू नका. पुढच्या पिढीत गुण फुटतात.

नर-मादी वाण असेल, तर सगळे नर तोडू नका. दहा-पंधरा माद्यांमागे एक नर ठेवा.

आणि खिळा? खिळ्याने गुणसूत्र बदलत नाही. हवा बदलली की नर झाडाला कधी कधी लांब देठाची चार-दोन फळे लागतात. त्या सुमारास कोणी खिळा ठोकलेला असला, की श्रेय खिळ्याला मिळते. कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडही काही काळ नुसती नर फुले देते. ते तोडू नका, हवा निवळली की ते पुन्हा फळावर येते. रोप लहान असताना लिंग खात्रीने सांगते ती प्रयोगशाळेतली डीएनए चाचणी. बियांचा रंग नव्हे, मुळ्याही नव्हेत.

एक गोष्ट मात्र अभिमानाची. रानटी पपईत नर आणि माद्या एवढेच असतात. उभयलिंगी 'वाय' हा नराच्या 'वाय'पासून सुमारे ४,००० वर्षांपूर्वी वेगळा झाला, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. तो काळ मध्य अमेरिकेतील शेतीचा. म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी बरे झाड पाहून बी राखले, म्हणून आज आपल्या ताटात ही लांबट फोड आहे.

जाता जाता घरातल्या मोठ्यांना एक सांगतो. माणसातही 'वाय' असतो आणि तो बापाकडूनच येतो. आईकडे द्यायला फक्त 'एक्स'च आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणारे घर हे मादी झाडाला नर रोपांचा दोष देणाऱ्या माळ्यासारखे आहे. पपईचा हिशेब समजला असेल, तर हाही समजून घ्या.