शर्यतीच्या रेषेपुढचे मैदान

शर्यत कोठे संपते असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, शेवटच्या रेषेवर. पंचांच्या घड्याळापुरते हे उत्तर बरोबर आहे. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र ते अपुरे आहे. रेषा ओलांडताना वेग जवळजवळ सर्वांत जास्त असतो, म्हणजे गतिज ऊर्जाही सर्वांत जास्त असते. ती कोठेतरी खर्च झाल्याशिवाय शर्यत खऱ्या अर्थाने संपत नाही.

विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्यात शंकरपट भरतात. हलकी छकडी, दोन बैल, एक धुरकरी, सरळ धावपट्टी आणि सेकंदाचे भाग मोजणारे घड्याळ. अमेरिकेत अशीच सरळ रेषेतील शर्यत मोटारींची होते. तिला ड्रॅग रेस म्हणतात. दोन्हींत वळण नाही, फेऱ्या नाहीत. थोड्या अंतरात जास्तीत जास्त वेग गाठायचा, एवढेच. म्हणून एकीच्या अनुभवातून दुसरीने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

अमेरिकेत 1951 साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यावर धावणाऱ्या तरुणांना नियम असलेल्या मैदानावर आणणे हा तिचा हेतू होता. तरी अपघात टळले नाहीत. पण प्रत्येक मोठ्या अपघाताने काही शिकवले. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियात डॉन गार्लिट्स यांच्या गाडीची दातेचक्रांची पेटी फुटली आणि त्यांच्या पायाचा काही भाग तुटला. त्यांनी इंजिन चालकाच्या मागे बसवलेली गाडी बनवली आणि 1971 साली तिच्यावर शर्यती जिंकून दाखवल्या. पुढे तीच रचना रूढ झाली.

गाडी थांबवण्यासाठी मागे हवाई छत्री उघडण्याची पद्धत आली. चाकाचा ब्रेक टायर व जमीन यांच्या घर्षणाहून जास्त बल देऊ शकत नाही. छत्रीला होणारा हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे गरज जास्त तेव्हाच तिचा उपयोगही जास्त. पण 21 जून 2008 रोजी न्यू जर्सीत स्कॉट कॅलिटा यांच्या गाडीचे इंजिन फुटले, छत्र्या निकामी झाल्या, गाडी धावपट्टीच्या टोकापलीकडे गेली आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत 402 मीटरऐवजी 305 मीटरची करण्यात आली. त्यामुळे थांबायला सुमारे 97 मीटर जास्त जागा मिळाली. शर्यत बंद पडली नाही, प्रेक्षकही कमी रोमांचित झाले नाहीत.

आता आपल्या पटाकडे वळू. समजा, बैलजोडी, छकडी आणि धुरकरी मिळून वजन 900 किलो आहे आणि वेग सेकंदाला 12 मीटर आहे. गतिज ऊर्जा सुमारे 65,000 ज्यूल होते. तेवढेच वजन सव्वासात मीटर उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडावे, तेवढी ही ऊर्जा! छकडीला ना ब्रेक, ना छत्री. धुरकऱ्याच्या हातात फक्त कासरा. बैलांनी दर सेकंदाला एक मीटरने वेग कमी केला तर थांबायला 72 मीटर लागतील. वेग 15 मीटर असेल तर 112 मीटर. वेग सव्वापट झाला, पण अंतर दीडपटीहून जास्त वाढले, कारण हे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. आणि गर्दी नेमकी कोठे जमते? निकाल पाहायला म्हणून शेवटच्या रेषेवर आणि तिच्या पुढे! त्यात मुलेच अधिक. जोडी अंगावर येते आहे हे कळून पाय उचलायला एक सेकंद गेला, तर तेवढ्यात ती 12 मीटर पुढे आलेली असते.

बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली बंदी घातली. 2017 साली महाराष्ट्राने कायदा केला, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. बैलांना क्रूर वागणूक मिळू नये हा त्या वादाचा गाभा होता आणि तो योग्यच होता. पण परवानगी मिळाली म्हणजे मैदान सुरक्षित झाले असे नव्हे. कायदा कागदावर असतो. सुरक्षितता मीटरमध्ये मोजावी लागते.

माझे मत असे, की रेषेपुढे दीडशे मीटर मोकळी जागा नसेल तर तेथे पट भरवूच नये. जागा कमी असेल तर धाव कमी करावी, थांबण्याची जागा नव्हे. शक्य असेल तेथे शेवटचा भाग हलक्या चढाचा निवडावा. पुणे जिल्ह्यात बैलगाड्यांचे घाट चढाचे असतात; चढावर गुरुत्वाकर्षण हा फुकटचा ब्रेक असतो. दोन्ही बाजूंना बल्ल्या व दोर बांधून प्रेक्षक मागे ठेवावेत. "असल्या नियमांनी मजा जाते" असे काही जण म्हणतील. परंतु पिके निघाल्यावर शेते मोकळीच असतात, दोर-बल्ल्यांचा खर्च फारसा नाही, आणि पटाला येणाऱ्याला धाव पाहायची असते, धडक नव्हे.

शिक्षकांनी हा विषय वर्गात अवश्य घ्यावा. जवळ पट भरणार असेल तर विद्यार्थ्यांनी आदल्या दिवशी मोजपट्टी घेऊन रेषेपुढची जागा मोजावी, धावेचे अंतर आणि वेळ यांवरून सरासरी वेग काढावा आणि थांबण्याचे अंतर मांडून तो कागद ग्रामपंचायतीला द्यावा. शेवटचा वेग सरासरीहून जास्त असतो, हे मात्र त्यात लिहायला विसरू नये. गतीची समीकरणे परीक्षेत चार गुण देतात; मैदानावर ती एखाद्याचा जीव वाचवू शकतील.