‘आपोआप भरून येतं’ असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी

मागच्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला. त्यांना मोबाईलची फिल्म कापायचं मशीन घ्यायचंय, मुद्रा योजनेच्या शिशु गटातून, म्हणजे 50 हजारांच्या आतलं कर्ज काढून. डीलरनं त्यांना डेमो दाखवला. फिल्मवर तारेच्या ब्रशनं ओरखडे मारले, गरम हवा सोडली, ओरखडे गायब. “खरं असतं का हो हे?” एवढंच त्यांनी विचारलं.

खरं असतं, पण अर्धं. ते उरलेलं अर्धं मला माझ्याच वळसंगच्या दुकानात महागात पडलंय.

अक्कलकोट रस्त्यावर वडाप चालवणारे एक काका आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांना मी अशीच फिल्म 300 रुपयांना लावून दिली आणि डीलरचंच वाक्य ऐकवलं, “काका, स्क्रॅच पडला तरी आपोआप भरतो.” पंधरा दिवसांनी ते परत आले. किल्लीनं फिल्म आरपार चिरली होती. “भरंना की हे!” मी 300 रुपये परत दिले. पण ही गोष्ट त्यांच्या जीपमध्ये रोज बसणाऱ्यांना समजली, त्याचा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा?

मग मी शोधायला बसले. मी बीबीए, केमिस्ट्री बारावीनंतर सोडलेली, तरी गोष्ट कळली. ओरखडा आणि चीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक ओरखड्यात बऱ्याचदा वरचा थर नुसता दबलेला असतो, तुटलेला नसतो. ऊब मिळाली की त्यातल्या लांब साखळ्या मूळ जागेकडे सरकतात आणि खळगा वर येतो. चिरीत मात्र जोडच तुटलेले असतात. ते पुन्हा जुळायला मटेरियलच तसं बनवावं लागतं.

साधं रबर तसं नसतं. 1839 साली चार्ल्स गुडइयरनं गंधक घालून रबर तापवायची युक्ती शोधली. तेव्हापासून रबर टिकाऊ झालं, कारण साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या गेल्या. पण कायमची गाठ एकदा तुटली की तुटली. पंक्चरवाला सोल्युशन लावून वरून पॅच बसवतो तो त्यामुळेच.

2008 मध्ये पॅरिसला लुडविक लायब्लर यांच्या टीमनं वेगळं रबर बनवलं. कच्चा माल काय, तर वनस्पती तेलातली फॅटी ॲसिड आणि युरिया! हो, आपल्या शेतात टाकतो तोच. यात पक्क्या गाठींऐवजी हायड्रोजन बंध आहेत, ते तुटतात आणि परत जुळतात. रबर कापा, तुकडे एकमेकांना दाबून धरा, खोलीच्या साध्या तापमानाला जुळतं. पण तुकडे जितका वेळ वेगळे ठेवाल, तितकी ही ताकद कमी होते. 2013 मध्ये स्पेनच्या सिडेटेक संस्थेनं गंधकाच्या अदलाबदल होणाऱ्या जोडांवर असंच मटेरियल केलं. कापल्यावर ते दोन तासांत 97 टक्के सावरलं.

मग अडचण कुठे आहे? भरून यायचं तर आतल्या साखळ्या हलत्या हव्यात, आणि मजबूत व्हायचं तर त्या घट्ट बसायला हव्यात. एक वाढवलं की दुसरं कमी होतं. 2018 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी यातून मधली वाट काढली. पॉलियुरेथेनचे कडक भाग त्यांनी मुद्दाम अशा वाकड्या आकाराचे घेतले की ते एकमेकांवर नीट रचलेच जात नाहीत, आणि गंधकाचे जोड त्या सैल जागेत बसवले. ताकद आली 6.8 मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 70 किलो ताण. दोन तासांत 75 टक्क्यांहून जास्त सावरलं. कामगिरी मोठीच आहे, पण बाजारातलं चांगलं साधं पॉलियुरेथेन याहून कित्येक पट ताकदीचं असतं.

आणखी एक. प्रयोगशाळेतलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे साधारण 25 अंश. आपल्याकडे मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, पत्र्याच्या दुकानात तर विचारूच नका. उन्हात ठेवलेल्या गाडीवरची फिल्म लवकर सावरते आणि आपण श्रेय कंपनीला देतो. तीच फिल्म जानेवारीत सकाळी तपासून बघा बरं.

काही ट्रेनर सांगतात, गिऱ्हाइकाला स्वप्न विका. मला हे पटत नाही. मोठ्या शहरात रोज नवा माणूस येत असेल. वळसंगसारख्या गावात तोच माणूस दहा वर्षं येतो आणि सोबत भाऊबंदांना आणतो. म्हणून ताईंना मी मशीन घेऊ नका असं म्हटलं नाही. म्हटलं, कर्ज ‘भरून येतं’ या शब्दावर काढू नका. या धंद्यात पैसा मापात कापण्यात आणि बुडबुडा न ठेवता लावण्यात आहे. त्यासाठी हात बसायला महिनाभर लागतो, तेवढा हप्ता आधी बाजूला ठेवा.

डीलरकडून एक तुकडा मागा. त्याच्यासमोरच अर्ध्या भागावर नखानं ओरखडा मारा, अर्ध्या भागावर ब्लेडनं आरपार चीर द्या. हेअर ड्रायर बंद ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी बघायला या.

माझ्या काउंटरवर आता असाच तुकडा चिकटवलेला आहे. गिऱ्हाइकानं विचारलं की दोन्ही बाजू दाखवते आणि म्हणते, “हे जातं, हे जात नाही.” वडापवाले काका परवा आले होते. त्यांनी चिरीवरून अंगठा फिरवला आणि साधी 150 ची फिल्म लावून घेतली.