दर्यावरची सावड



गेल्या महिन्यात काटोलकडच्या एका गावी संत्र्यावरील डिंक्या रोगाबद्दल बोलायला गेलो होतो. बैठक आटोपली, चहा आला, आणि शाळेतल्या एका मुलीने विचारले, "साहेब, भर समुद्रात एकट्याच्या जहाजाला काही झाले तर त्याला कोण?" नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोन अधिकारी 'तारिणी' ही शिडाची नौका घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या, हे तिने वाचले होते. आपण नागपूरकडची माणसे. मुंबईचा समुद्र इथून ८०० किलोमीटरवर. मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

या साऱ्याची कल्पना एका मराठी माणसाची. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातील विंचुर्णी या खेड्यात राहत. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने जगाला वळसा घालावा, हा त्यांचा ध्यास. दिलीप दोंदे यांनी तो उचलला. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली आणि ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघालेले दोंदे मे २०१० मध्ये मुंबईलाच परतले. वाटेत फक्त चार बंदरे.

आता मुलीचा प्रश्न. २०१८ साली एकट्याने जगाला फेरी मारण्याची एक शर्यत झाली. अट अशी की साधने ५० वर्षांपूर्वीचीच वापरायची. तेवढ्या वर्षांपूर्वी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजाने पहिली विनाथांबा फेरी केली होती, तीही मुंबईत बांधलेल्या सागवानी 'सुहेली'तून. (आपल्याकडे सागवान दाराच्या चौकटीला! असो.) आपले अभिलाष टॉमी या शर्यतीत होते. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिणेत, ऑस्ट्रेलियापासून हजारो किलोमीटर दूर, वादळाने त्यांची नौका उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली, पाठीचा कणा दुखावला. उठताही येईना. कसाबसा संदेश मात्र गेला.

त्याच वादळात ग्रेगर मॅकगुकिन या आयरिश नाविकाच्याही डोलकाठ्या मोडल्या होत्या. त्याने काय करावे? स्वतःची सुटका बघावी, असेच कोणीही म्हणेल. त्याने मोडक्यातोडक्या सामानाचे तात्पुरते शीड उभारले आणि नौका टॉमींच्या दिशेने वळवली. आपल्या नौदलाच्या विमानाने वरून टॉमींची नौका हेरली, आणि २४ सप्टेंबरला एका फ्रेंच जहाजाने आधी टॉमींना आणि मग मॅकगुकिनलाही उचलले.

पुढच्या खेपेला, नोव्हेंबर २०२२ मध्ये, फिनलंडच्या तापियो लेहतिनेन यांची नौका बुडाली. दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर शर्यतीची वाट सोडून त्यांना शोधत गेली, तराफ्यावरून उचलून त्यांना मालवाहू जहाजावर पोचवले आणि मग पुढे निघाली. एप्रिल २०२३ मध्ये शर्यत तीच जिंकली. दुसरे कोण आले? आपले अभिलाष टॉमी, सावरलेली पाठ घेऊन.

हौशी लोकही असेच वागतात. दर नोव्हेंबरात कॅनरी बेटांवरून शेकडो शिडाच्या नौका बरोबरीने निघतात आणि पाठीवर व्यापारी वारा घेऊन कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया बेटाला लागतात. १९८६ पासून हे चालू आहे. ठरल्या वेळी रेडिओवर एकमेकांची खुशाली घेतात. सावड म्हणा, इर्जिक म्हणा.

हे लिहिताना मला आपलाच एक शेतकरी आठवतो. जूनअखेरीस वापसा आलेला, आणि शेजाऱ्याचा बैल लंगडा झाला. या गड्याने आपली तिफण आधी शेजाऱ्याच्या वावरात घातली. दुसऱ्या दिवशी झड लागली. त्याचे स्वतःचे सोयाबीन बारा दिवस मागे पडले. मी रागावलोच. तो म्हणाला, "साहेब, त्याच्याकडे एकच वावर आहे." उतारा कमी आला, हे खरे. पण सोंगणीला मजूर मिळत नव्हते त्या आठवड्यात शेजाऱ्याच्या घरची पाच माणसे विळे घेऊन त्याच्या धुऱ्यावर पहाटेच उभी होती.